मदतनिधीच्या कार्यक्रमात दारूचा काउंटर: परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

शिवडीची_शर्वरी
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट २५ जानेवारीच्या संध्याकाळी परळ भागातल्या एका हॉलमध्ये आणि त्याला लागून असलेल्या लॉनवर कार्यक्रम करतोय. दोनशेच्या आसपास माणसं येतील. गाणी, जेवण आणि शेवटी वस्तूंचा लिलाव. जमलेले पैसे टाटा रुग्णालयात कर्करोगावरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवणासाठी द्यायचे आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा या माणसांना आसरा देते, पण येणारे इतके की रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं रोज दिसतात.

आता प्रश्न. गटातल्या काही जणांचं म्हणणं, प्रवेशिका अडीच हजारांची ठेवू आणि त्यातच बिअर, वाइन, व्हिस्की देऊ. पेयं असली तरच मोठ्या पगाराची मंडळी येतील आणि लिलावात हात सैल सोडतील. हॉलचा व्यवस्थापक सांगतो, "आमच्याकडे लायसन्स आहे, तुम्ही बिनधास्त राहा." केटरर सांगतो, "पोलीस स्टेशनला एक पत्र दिलं की काम झालं." मला दोन्ही उत्तरं पटत नाहीयेत. परवाना नेमका कोणता, कोणाच्या नावावर, आणि कोण देतं? आणि अशा कार्यक्रमात दारू ठेवावी का, यावरही मोकळेपणाने लिहा.

मुलुंडकर
ठेवा की. लोक येतील, पैसे जमतील, रुग्णांना उपयोग होईल. परवान्याचं मात्र रीतसर करा.

निवृत्त_निरीक्षक
शर्वरीताई, मी राज्य उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, पोलीस दारूचा परवाना देत नाहीत. तो राज्य उत्पादन शुल्क खातं देतं, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली. पोलिसांना कळवणं वेगळं आणि तेही करायचंच, पण त्या पत्राने दारू वाढायचा अधिकार मिळत नाही.

दुसरी गोष्ट हॉलच्या लायसन्सची. हॉटेल असेल तर त्याच्याकडे एफएल-३ असणार, म्हणजे आपली परमिट रूम. क्लब असेल तर एफएल-४. दोन्ही परवाने मंजूर नकाशात दाखवलेल्या जागेपुरते असतात. व्यवस्थापकाला परवाना आणि तो नकाशा दाखवायला सांगा. लॉन नकाशात नसेल तर आतला ग्लास लॉनवर न्यायचा नाही. बहुतेक घोटाळे इथेच होतात: लायसन्स खरं असतं, पण ते तळमजल्यावरच्या बारचं असतं आणि पार्टी चालते गच्चीवर.

जागेला परवाना नसेल तर एक दिवसाचा परवाना काढायचा, खात्यात त्याला एफएल-४ए म्हणतात. अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जदाराचं ओळखपत्र, जागामालकाचं संमतीपत्र, तारीख, वेळ, अंदाजे माणसं, ही माहिती तयार ठेवा. शुल्क आर्थिक वर्षागणिक बदलतं. अर्ज भरताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरायचा, एजंट तोंडी सांगेल तो नाही. डिसेंबर-जानेवारीत अर्जांची गर्दी असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि अर्जावर ज्याची सही, जबाबदारी त्याची. केटरर "माझ्या नावावर काढतो, तुम्हाला कशाला त्रास" म्हणाला तरी कार्यक्रम तुमच्या गटाचा आहे. कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चाळकरी
निरीक्षककाका, पिणाऱ्यालाही परवाना लागतो ना? माझ्या वडिलांच्या पाकिटात आजीवन परमिट होतं, आधार कार्डाच्या आधी ते दाखवायचे.

निवृत्त_निरीक्षक
लागतो. आजीवन १००० रुपये, वर्षाचा १००, एक दिवसाचा ५ रुपये. देशीसाठी एक दिवसाचा २ रुपये. परमिट रूममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाकडे यातला एक असला पाहिजे. पाच रुपयांची गोष्ट म्हणून आयोजक तिकडे बघत नाहीत आणि तपासणी आली की पळापळ सुरू होते.

वयाचंही लिहितो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं. माजी विद्यार्थ्यांच्या गटात नुकतीच पदवी घेतलेली मुलंही असतील. २२ वर्षांच्या मुलाच्या हातात व्हिस्कीचा ग्लास दिला तर तो गुन्हा आहे, मग तो स्वतः कमावता असला तरी.

ओंकार_दहिसर
२५ वर्षं?? मी लग्न केलं तेव्हा २४ चा होतो 😀

निवृत्त_निरीक्षक
मग तुमच्या लग्नात सरबतच असणार, असं मी धरून चालतो 🙂

वकील_गिरगाव
निरीक्षकसाहेबांनी नीट मांडलंय, त्यात भर घालतो.

१) प्रवेशिकेच्या किमतीत दारू धरली, कूपन दिलं, "देणगी द्या आणि ग्लास घ्या" म्हटलं, कोणत्याही वाटेने पैशाच्या बदल्यात ग्लास गेला की ती विक्रीच. "आम्ही दारू विकत नाही, दान घेतो" हा बचाव टिकत नाही. घरी चार मित्रांना बोलावणं आणि तिकीट लावून दोनशे माणसांना बोलावणं यातला फरक कायद्याला चांगला कळतो.

२) लिलावाचं विसरू नका. अशा लिलावात कोणीतरी परदेशातून आणलेली जुनी स्कॉच हमखास देतो आणि तिलाच सगळ्यात जास्त बोली लागते. ती विकायचा परवाना तुमच्याकडे नाही. बाटली लिलावात घेऊच नका.

३) तारीख! २५ जानेवारीच्या रात्री बारा वाजता २६ जानेवारी सुरू होते आणि तो कोरडा दिवस (ड्राय डे) आहे. पार्टी लांबली तर तुमचा परवाना असून नसल्यासारखा.

अवांतर: आपला दारूबंदी कायदा मोरारजीभाईंच्या काळातला. 'मुंबई राज्य वि. बलसारा' या १९५१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, उदाहरणार्थ अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं. बाकीचा कायदा मात्र कायम राहिला. आजही मूळ नियम बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद. "मुंबईत सगळं चालतं" म्हणणाऱ्या आयोजकांना हे ठाऊकच नसतं.

केटरर_दादर
मी याच धंद्यात आहे, आणि वरच्या "पोलीस स्टेशनला पत्र" वाल्या केटररबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्यातले काही जण असंच सांगतात, कारण ऑर्डर हातातून जाऊ द्यायची नसते.

प्रत्यक्ष कामातलं सांगतो. माल परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा आणि बिलं त्या दिवशी काउंटरवर फाइलमध्ये ठेवायची. गोव्याहून किंवा दमणहून कोणी गाडीत घालून आणलेला माल, कोणाच्या ओळखीने मिळालेला मिलिटरी कँटीनचा माल, स्वस्त म्हणून कितीही गोड वाटला तरी नाही म्हणायचं. भरारी पथक आलं की आधी बाटलीचं लेबल बघतं.

काउंटर एकच ठेवा आणि तिथे अनुभवी माणूस उभा करा. टेबलावर बाटल्या मांडून "आपापलं घ्या" केलं की कोणी किती घेतली याचा हिशोब राहत नाही, आणि पहिलं भांडण त्याच टेबलावर होतं. जेवण लवकर लावा. उपाशीपोटी दोन तास पिऊन मग जेवणाकडे वळणारी माणसं मी रोज बघतो. शेवटचा ग्लास कार्यक्रम संपायच्या तासभर आधी. गाडी घेऊन आलेल्यांची परत जायची सोय आधीच विचारून ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो, आणि दोन पेग घेतलेल्याला आपण त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळत नाही.

गोराईकर
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. आमच्या लग्नात, गावच्या सणाला ग्लास असतोच. उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर जातो, म्हातारी माणसंही नाचतात, आणि घरी फुगे (आमचे तळलेले गोल पाव) आणि मटण तयार असतं. दारू म्हटलं की काही लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त गुत्ता येतो, ते मला खटकतं. आमच्याकडे ते माणसं एकत्र येण्याचं निमित्त आहे.

पण एक सांगतो. गावकीच्या कार्यक्रमात कोणी किती घेतली याच्यावर चार वडीलधाऱ्यांचं लक्ष असतं. जास्त झालेल्याला दोघं जण हाताला धरून घरी सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला सगळं कळलेलं असतं. हॉलमधल्या दोनशे अनोळखी माणसांत हे काम कोण करणार? परवाना काढा, पण ही माणसं आधी नेमा.

सुनंदा_मालाड
मला थोडं कडक लिहायचंय. कोणाला लागलं तर समजून घ्या.

मी मालवणीत बायकांच्या बचत गटांबरोबर काम करते. जून २०१५ मध्ये इथे विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ज्या घरांतली गेली त्यातल्या कितीतरी बायका माझ्या ओळखीच्या आहेत. ती मिथेनॉल मिसळलेली दारू होती, तुमच्या हॉलमधली सीलबंद वाइन नव्हे, हे मला कळतं. त्यामुळे तो मुद्दा मी तुमच्यावर लादत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. शर्वरी, तुम्ही पैसे कोणासाठी जमवताय? कर्करोगाच्या रुग्णांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींमध्ये. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन, या सगळ्यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे, आणि तंबाखू आणि दारू दोन्ही घेणाऱ्याला तोंडा-घशाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. त्या फुटपाथवर बसलेल्यांत जबड्याचं ऑपरेशन झालेले किती जण दिसतात, तुम्ही रोज बघता. त्यांच्या जेवणाचे पैसे व्हिस्कीच्या काउंटरवर गोळा करायचे? उद्या कोणी गुटख्याच्या कंपनीची जाहिरात स्टेजवर लावू म्हणालं तर तुमचा गट हो म्हणेल का?

परवाना मिळेल हो. मिळतो म्हणून करायचंच, असं नाही.

मीरा_पार्ले
सुनंदाताई +१. पहिल्या गटाची माहिती मला नव्हती.

मुलुंडकर
सुनंदाताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर. पण दोनशे प्रौढ माणसं शनिवार-रविवारी तशीही पिणारच आहेत. ती कुठल्यातरी बारमध्ये पिण्यापेक्षा इथे प्यायली आणि त्यातून वीस रुग्णांची महिनाभराची सोय झाली, तर तोटा कोणाचा? हातात पैसे घेऊन उभा असलेला माणूस परत पाठवायचा आणि मग निधी कमी पडला की त्याचा त्रास रुग्णाला होणार. तत्त्वाचा खर्च त्याने का सोसायचा?

सुनंदा_मालाड
मुलुंडकर, पैसे परत पाठवा असं मी म्हणत नाही. तीच माणसं गाण्यासाठी, जेवणासाठी, शाळेच्या ओढीने येतील, तशी बोलवा. ग्लास नसेल तर मी रुग्णाला पैसे देणार नाही, असं खरंच म्हणणारा तुमच्या गटात कोणी आहे का? असेल तर त्याला तोंडावर विचारून बघा. मला वाटतं, असं फक्त समितीच्या बैठकीत दुसऱ्याच्या वतीने बोललं जातं.

आणि आमच्या बायकांनी 'आडवी बाटली' साठी सह्या गोळा केल्या, तेव्हाही आम्हाला हेच ऐकवलं गेलं की लोक पिणारच आहेत.

ओंकार_दहिसर
आडवी बाटली म्हणजे?

वकील_गिरगाव
गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. महाराष्ट्रात अशी बरीच दुकानं बंद झाली आहेत.

चाळकरी
आमच्या चाळीत पूजेनंतर गच्चीवर 'बैठक' व्हायची. परवाना नाही, काही नाही. एका वर्षी ताडपत्रीला आग लागता लागता वाचली आणि तेव्हापासून बंद. शर्वरीताई, लॉनवर मंडप असेल तर बाहेर पडायच्या वाटा बघून घ्या. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले, ती जागा तुमच्या हॉलपासून फार लांब नाही. दारू असो वा नसो, हे बघाच.

सचिव_घाटकोपर
मी आमच्या सोसायटीचा सचिव. प्रश्न माझा पण जवळचाच. नवीन वर्षाला सोसायटीच्या आवारात असं काही करायचं तर?

निवृत्त_निरीक्षक
सचिवसाहेब, आवार सामाईक आहे, त्यामुळे आधी सभासदांची संमती, मग एक दिवसाचा परवाना. वर्गणीतून दारू आणायची नाही, कारण न पिणाऱ्या घरांनीही ती वर्गणी दिलेली असते. या एका कारणावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं अबोला धरलेला मी पाहिलाय.

वकील_गिरगाव
शर्वरीताई, दारूच्या चर्चेत एक मोठी गोष्ट राहून जातेय. तुमचा गट नोंदणीकृत न्यास आहे का?

नसेल तर धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी हेच करतात. नंतर हिशोबही द्यायचा असतो. सोपा मार्ग म्हणजे रुग्णांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या.

८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती द्यायचं कोणी आश्वासन दिलं असेल तर तेही तपासा. ज्या संस्थेला ८०जी ची मान्यता आहे तिचीच पावती चालते. रोख २००० रुपयांच्या वर दिलेली देणगी सवलतीत बसत नाही. आणि अडीच हजारांच्या बदल्यात जेवण, गाणी आणि ग्लास मिळत असेल तर ते अडीच हजार देणगी म्हणून दाखवता येत नाहीत, कारण बदल्यात काही घेतलं की ती देणगी उरत नाही. प्रवेशिका खर्चापुरती ठेवा, देणगी वेगळी घ्या. मग हिशोब स्वच्छ राहतो.

केटरर_दादर
वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. बारचा खर्च किती येतो ते आयोजकांना माहीत नसतं. दोनशे माणसांचा माल, ग्लास, बर्फ, काउंटरची माणसं, परवान्याचं शुल्क, हे सगळं अडीच हजारांतून वजा केलं की रुग्णांसाठी काय उरतं ते आधी कागदावर मांडा. गेल्या हंगामात एका गटाला मी हे मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतःच बार काढून टाकला. माझं बिल कमी झालं, पण ते गिऱ्हाईक यंदा पुन्हा माझ्याकडेच आलं.

मुलुंडकर
हा हिशोब मी धरला नव्हता. जमलेले पैसे जर बारच्या खर्चातच जाणार असतील तर माझा मुद्दा लंगडा पडतो. तरी दारू ठेवणं चुकीचंच, हे मला अजून मान्य नाही. दुसऱ्या एखाद्या कामासाठीचा निधी असता तर मी अजूनही हो म्हणालो असतो.

गोराईकर
मुलुंडकरांशी सहमत. गावच्या बँडला नवे कपडे शिवायचे असते तर ग्लास चालला असता. कर्करोगाच्या रुग्णांसाठी नको. सुनंदाताईंचं हे मला पटलं.

शिवडीची_शर्वरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. हा धागा मी सगळ्यांना आधीच पाठवला होता.

हॉलच्या व्यवस्थापकाकडे नकाशा मागितला. निरीक्षककाकांनी सांगितलं तसंच निघालं: परवाना आतल्या रेस्टॉरंटचा आहे, लॉन त्यात नाही. केटररच्या सांगण्याप्रमाणे नुसतं पत्र देऊन लॉनवर काउंटर लावला असता तर सगळं बेकायदा ठरलं असतं.

बारचा हिशोबही कागदावर मांडला. खर्च वजा करून जे उरत होतं ते बघून पेयांचा आग्रह धरणारे दोघं गप्प झाले. सुनंदाताई, तुमचा प्रश्न मी बैठकीत तसाच विचारला, की ग्लास नसेल तर देणगी न देणारा कोण आहे. कोणीही हात वर केला नाही. एक प्रायोजक मात्र मागे हटलाय, त्यांना स्टेजवर त्यांच्या पेयाचं नाव हवं होतं. तेवढी रक्कम आता आम्हाला दुसरीकडून उभी करायची आहे आणि ते सोपं नाही.

ठरलं ते असं: कार्यक्रम दारूशिवाय. प्रवेशिका सहाशे रुपयांची, जेवण आणि गाण्यांच्या खर्चापुरती. देणगी वेगळी. आमचा गट नोंदणीकृत नाही, त्यामुळे रुग्णांच्या निवासाचं काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेशी बोलणं सुरू केलंय. वकीलसाहेब, पैसे थेट त्यांच्या खात्यात जाणार असतील, पण आवाहन आमच्या गटाच्या नावाने निघत असेल, तर काय काळजी घ्यायची?

वकील_गिरगाव
आवाहनावर त्या संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक ठळक छापा, तिचं लेखी संमतीपत्र घ्या, आणि तुमच्या गटाच्या खात्यात किंवा कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. त्या संध्याकाळी रोख आलीच तर जागेवर संस्थेची पावती फाडायला तिचा माणूस हजर ठेवा.

निवृत्त_निरीक्षक
दारू नसली तरी पोलिसांना पत्र द्या, गर्दी आणि ध्वनिक्षेपक आहेच. रात्री दहानंतर उघड्या लॉनवर स्पीकर चालणार नाही, तेव्हा गाणी साडेनऊला संपतील असा कार्यक्रम आखा आणि लिलाव आत हॉलमध्ये घ्या.

ओंकार_दहिसर
सहाशेत मी दोन प्रवेशिका घेतो. लिंक कुठे टाकणार?

सुनंदा_मालाड
आमच्या गटातल्या बायका कोकम सरबत आणि आवळ्याचं सरबत करतात. दोनशे माणसांचं करून देऊ, पैसे मालाच्या खर्चापुरते. शर्वरी, मला व्यक्तिगत निरोप टाक.